उन्हाळ्याचा अंदाज आणि वळिवाचा हिशेब

होळी मागे पडली की तापमापकातील पारा चढू लागतो आणि हवामान खात्याच्या दीर्घकालीन अंदाजाकडे शेतकऱ्यांपासून वीज कंपन्यांपर्यंत सर्वांचे लक्ष लागते. मार्च ते मे या तीन महिन्यांत तापमान सरासरीच्या वर राहील की खाली, हे या अंदाजातून कळते. उष्म्याची तयारी करण्यासाठी तेवढे पुरेसे असते. गडगडाटी पावसाबाबत मात्र मोसमी सरासरीचा फारसा उपयोग होत नाही आणि उभ्या किंवा काढलेल्या पिकाचे नुकसान तर त्यानेच होते.

तापमानवाढीचा कल आता स्पष्ट आहे. कमाल तापमानाचा विचार करता मार्च २०२२ हा देशातील १९०१ पासूनचा सर्वाधिक उष्ण मार्च ठरला. फेब्रुवारी २०२३ नेही असाच उच्चांक नोंदविला. गव्हाचा दाणा भरण्याच्या काळात अशी उष्णता आली की उत्पादन घटते.

हीच उष्णता वादळालाही बळ देते. तापलेल्या जमिनीवरील हलकी हवा वर जाते. बंगालच्या उपसागरावरून व अरबी समुद्रावरून आलेले बाष्प तिला मिळाले, की दुपारनंतर उंचच उंच ढग उभे राहतात. विदर्भापासून मराठवाडामार्गे कर्नाटकापर्यंत हवेच्या कमी दाबाचा पट्टा असला, तर या वादळांना पोषक स्थिती मिळते. त्याच वेळी उत्तरेकडील पश्चिमी विक्षोभामुळे वरच्या थरांत थंड हवा आली, तर गारपिटीचा धोका वाढतो.

अशा पावसाला मराठीत दोन नावे आहेत. एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापूर, सातारा, सोलापूर या भागांत येतो तो वळीव. नांगरटीला ओल देणारा, उकाडा कमी करणारा. रब्बीची काढणी सुरू असताना कोसळतो तो अवकाळी. ढगांची जडणघडण बहुधा सारखीच असते. फरक शिवारातील कामांच्या वेळापत्रकाचा आहे. तासगाव परिसरात बेदाणा वाळत असतो, हिंगोलीत शिजवलेली हळद उन्हात पसरलेली असते, नाशिक जिल्ह्यात द्राक्षे वेलीवर आणि कांदा काढणीला आलेला असतो, कोकणात आंबा झाडावर असतो. एका संध्याकाळची पंधरा मिनिटांची गारपीट हे सारे मातीमोल करू शकते आणि तरीही महिन्याचा पाऊस सरासरीच्या आतच राहिल्याची नोंद होऊ शकते.

फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत झालेल्या गारपिटीने मराठवाडा, विदर्भ व उत्तर महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना याचा कटू अनुभव दिला. मे २०२५ मध्ये संकटाचे रूप निराळे होते. तो महिना देशात १९०१ पासूनचा सर्वाधिक पावसाचा मे ठरला आणि मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. उघड्यावरचा कांदा भिजलाच. शिवाय खरिपाच्या मशागतीला लागणारी उघडीपही अनेक ठिकाणी मिळाली नाही.

म्हणूनच शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन मुदती निर्णायक आहेत. तीन-चार दिवस आधी मिळालेल्या इशाऱ्यावर काढणी पुढे-मागे करता येते. तीन तास आधीच्या तात्कालिक इशाऱ्यावर ताडपत्री टाकता येते, जनावरे गोठ्यात आणता येतात, मजुरांना झाडाखालून हलविता येते. रडार आणि उपग्रहांमुळे असे इशारे आता निघतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप विजेचा धोका कळविते. मंगळवारी व शुक्रवारी कृषी सल्लाही प्रसिद्ध होतो. परंतु इशारा जिल्ह्याचा असतो आणि गार पडते ती चार-दोन गावांवर. हे अंतर कमी करण्यास स्थानिक यंत्रणा हवी. तरीही, जिल्हा पातळीवर असा सल्ला देणारी देशभरातील कृषी हवामान केंद्रे २०२४ च्या सुरुवातीला बंद करण्याचा निर्णय झाला. रंगीत इशाऱ्याचा नेमका अर्थ स्थानिक पिकाच्या भाषेत सांगणारा दुवाच त्यामुळे निखळला.

शिवाय इशारा मिळूनही माल झाकायला जागा नसेल, तर त्याचा उपयोग काय? कांदाचाळ, वाळवणासाठी छप्पर, द्राक्षबागेवरील आच्छादन यांचा खर्च लहान शेतकऱ्याला एकट्याने पेलणारा नाही. दरवर्षी नुकसान झाल्यावर पंचनामे आणि मदतीच्या घोषणा होतात. त्यातील काही निधी आधीच या निवाऱ्यांकडे आणि तालुका पातळीवरील सल्ल्याकडे वळविला, तर पंचनाम्यांची संख्याच घटेल. उन्हाळ्याच्या अंदाजावर चर्चा होते ती मार्चच्या तोंडावर. या तयारीचा निर्णय मात्र त्याआधी, रब्बीच्या पेरणीबरोबरच व्हायला हवा.