पुराची सूचना जुन्या संकेतस्थळावरून पोहोचेल काय?

रत्नागिरी - २१ जुलै २०२१ च्या रात्री वाशिष्ठीचे पाणी चढू लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. सूचना वेळेवर मिळाली नाही, अशी तक्रार त्यानंतर झाली; कोळकेवाडी धरणाच्या विसर्गावरूनही वाद रंगला. पाऊस, भरती आणि विसर्ग यांची माहिती संकेतस्थळावर ठेवली, तरी मध्यरात्री ते उघडून पाहणारा नागरिक विरळाच. त्यामुळे संकेतस्थळानेच वाचकाला हाक मारावी, ही 'वेब पुश'ची कल्पना कोकणासाठी चैनीची बाब राहत नाही.

ही सोय नवी नाही. क्रोमने ती २०१५ मध्ये, तर फायरफॉक्सने २०१६ च्या प्रारंभी दिली. मात्र दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या जावास्क्रिप्टवर चालणारी संकेतस्थळे त्यापासून दूरच राहिली. त्यासाठी सारे संकेतस्थळ नव्याने बांधावे लागते, हा समज त्यास काही अंशी कारणीभूत असावा. वस्तुतः जुन्या पानांना फारसा धक्का लावावा लागत नाही. 'सर्व्हिस वर्कर' नावाची एक स्वतंत्र फाइल मुळाशी ठेवली जाते आणि पान बंद असतानाही ब्राउझर तिला जागे करतो. ब्राउझरला ही सोय आहे की नाही, हे आधी तपासले, तर जुन्या ब्राउझरवर पान पूर्वीप्रमाणेच चालते. अट एकच आणि ती कडक आहे: संकेतस्थळ 'एचटीटीपीएस'वर हवे.

खरी कसोटी सर्व्हरच्या बाजूला लागते. प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरचा स्वतंत्र पत्ता जपून ठेवावा लागतो. पत्ता बाद झाल्याचे उत्तर आले, की तो यादीतून काढावा लागतो. अन्यथा यादी फुगते आणि पोहोच मात्र घटत जाते. प्रत्येक संदेशासोबत त्याचे आयुष्यही सेकंदांत सांगावे लागते, आणि पुराच्या बाबतीत सर्वाधिक महत्त्व याच आकड्याला आहे. फोन बंद असल्यास संदेश मधल्या सेवेकडे थांबतो. 'पाणी दोन तासांत वाढेल' हा इशारा दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला, तर त्याने गोंधळच माजेल. म्हणून आयुष्य तास-दोन तासांचे आणि निकड 'उच्च' ठेवणे श्रेयस्कर. एकाच विषयाचे नाव दिल्यास न पोहोचलेल्या जुन्या इशाऱ्याची जागा नवा इशारा घेतो, ही तरतूदही प्रमाणकात आहे.

परवानगीचा प्रश्न नाजूक आहे. पान उघडताच परवानगी मागणाऱ्या व्यापारी संकेतस्थळांनी वाचकाला इतके विटवले, की २०२० मध्ये क्रोम व फायरफॉक्स या दोघांनीही अशा विनंत्यांना लगाम घातला. एकदा 'नाही' म्हटलेल्या वाचकाला पुन्हा विचारता येत नाही. 'आपल्या तालुक्याचे इशारे हवेत काय?' असे बटण ठेवून, ते दाबल्यावरच परवानगी मागावी. जो प्रशासकीय विभाग हीच वाट उद्घाटनाच्या निमंत्रणांसाठी वापरेल, तो इशाऱ्याची पत घालवून बसेल. आयफोनवर तर ही सोय मार्च २०२३ पासूनच आहे आणि तीही संकेतस्थळ मुख्य पडद्यावर जोडले तरच.

मर्यादा आणखीही आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली, मंडणगड भागांत वीज आणि मोबाइल सेवा कोलमडली होती. इंटरनेटच नसेल, तर वेब पुश निरुपयोगी. मोबाइल मनोऱ्यावरून थेट सर्व फोनना जाणारा इशारा, ज्याच्या चाचण्या देशात २०२३ मध्ये झाल्या, त्याला इंटरनेट वा परवानगी लागत नाही. पण मनोरा उभा असावा लागतो. त्यामुळे वेब पुश ही भोंगा आणि दवंडी यांच्या जोडीची आणखी एक वाट ठरते, त्यांची जागा घेणारी नव्हे. शिवाय मध्यरात्री दोन वाजता संदेश लिहून पाठविण्याचा अधिकार कोणत्या कर्मचाऱ्याकडे असेल, हे पावसाळ्यापूर्वी लेखी ठरवावे लागेल. ते काम कोणताही प्रोग्रामर करून देणार नाही.