औंधची चित्रं औंधलाच हवीत

साताऱ्याहून औंधला मी मुद्दाम एसटीनेच जाते आणि खिडकीची जागा धरते. माहुलीला कृष्णा ओलांडली की कोरेगावपर्यंत ऊस, आलं आणि कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्या. पौषात आल्याची काढणी चालू असते. उपटलेल्या आल्याचा ओला, तिखट वास थेट गाडीत येतो. रहिमतपूर मागे पडलं की हिरवा विरळ होतो. मग ज्वारी, पुढे वाळल्या गवताचे माळ आणि खटावचे उघडे डोंगर. तीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. एका रंगातून दुसरा कसा उतरतो, हे दाखवायला या रस्त्याइतकं चांगलं साधन मला मिळालं नाही.

या खेपेला शेजारची सातवीतली मुलगी बरोबर होती. यमाईच्या डोंगराची वाट चढताना मध्येच श्री भवानी संग्रहालय लागतं. तिथे राजा रविवर्म्याच्या तैलचित्रांपाशी ती थबकली. तिच्या आजीच्या देवघरात रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी आहे. रविवर्मा तिला ठाऊक होता तो तेवढाच, काचेमागचा. ती जवळ गेली, मागे सरली, पुन्हा जवळ गेली. म्हणाली, "बाई, इथून नुसते रंगाचे फटकारे आहेत. लांबून मात्र कापड दिसतंय." वर्गातल्या फळ्यावर मी हे किती वेळा समजावलं असेल! पण मूळ चित्रासमोर उभं राहून तिचं तिला जे कळलं, ते छापील पानावरून कळत नाही.

पुढे हेन्री मूरचं 'आई आणि मूल'. इंग्लंडच्या या शिल्पकाराचं काम पाहायला लोक देशोदेशी फिरतात. ते इथे, दुष्काळी तालुक्यातल्या एका टेकडीवर आहे. त्याच्यापुढे आम्ही अर्धा तास बसलो.

असा ठेवा पुण्या-मुंबईला हलवावा, म्हणजे चार लोक तरी बघतील, असं मला अनेकांनी सांगितलं आहे. मला ते मुळीच पटत नाही. पुण्यातल्या मुलाला पाहायला पुष्कळ आहे. खटाव-माणच्या मुलाला हाताशी आहे ते हेच. आणि ज्यांनी हे उभारलं, त्यांना ते कुठे हवं होतं? औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी पैसे देणारे आणि तिच्यातली चित्रं काढणारेही तेच. 1938 मध्ये त्यांनी हे संग्रहालय बांधलं आणि त्याच वर्षी राज्याचा कारभार रयतेच्या हाती देण्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी तसा कायदा झाला. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. ज्याला कारभार करायचा आहे, त्याची नजरही तयार हवी.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सातारा जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेची एक सहल औंधला यावी, दहावीच्या आत. देवीचं दर्शन उरकून वीस मिनिटांत चित्रांसमोरून रांग फिरवायची, अशी नको. प्रत्येक मुलाने एकच चित्र निवडावं, समोर वही घेऊन बसावं, दिसेल ते काढावं. त्यासाठी अख्खा दिवस द्यावा. मी नोकरीत होते तेव्हा परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जायचा. मी कधी भांडले नाही. भांडायला हवं होतं, म्हणून आता लिहिते आहे.

परतीच्या गाडीत मुलगी वहीत मूरच्या आईचा खांदा काढत होती. गचके बसत होते, रेघ हलत होती, ती पुन्हा काढायची. रहिमतपूर आल्यावर तिच्या लक्षात आलं, धुरंधरांची चित्रं पाहायची राहूनच गेली. पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत. तिच्या वर्गातल्या आणखी तिघी यायचं म्हणताहेत.