न अडकणारी बंदूक भरवशाची नव्हे

ओहायोत हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो, आणि दरवर्षी त्याच्या तोंडावर तेच वाक्य कानावर पडतं : ‘माझी पंप-शॉटगन कधी अडकत नाही. नेम साधारण असला तरी चालतो.’ या वाक्याची मला चीड आहे. अडकत नाही ही तुमची सोय झाली. हरणाच्या दृष्टीने स्लग, म्हणजे शॉटगनची एकसंध गोळी, कुठे लागला, एवढंच खरं.

हे मी स्वतः पाप करून शिकलो. पहिल्या वर्षी बदकांसाठी घेतलेली गुळगुळीत नळीची पंप घेऊन निघालो. टोकाला नुसती माशी. कागदावर एकही बार काढून पाहिला नव्हता. मादी ऐंशी यार्डांवर उभी होती. चाप ओढला, दुसरं काडतूसही झटकन आत गेलं. स्लग पोटात बसला होता. बर्फावरच्या रक्तात हिरवट घाण दिसली तेव्हा पोटात गोळा आला. अंधार पडेपर्यंत माग काढला, ती सापडली नाही. बंदूक मात्र त्या दिवशी एकदाही अडकली नव्हती.

बारा बोअरचा साधा स्लग म्हणजे सुमारे २८ ग्रॅमचा शिशाचा गोळा. तो बॅडमिंटनच्या फुलासारखा जड तोंडाच्या जोरावर सरळ जातो. ५० यार्डांवर नेम जुळवला तर १०० यार्डांवर पाच-सहा इंच खाली उतरतो. हरणाचं हृदय-फुप्फुस मावतं जेमतेम आठ इंचांत. त्यात माशीने नेम धरायचा, आणि वर बहुतेक पंपांची नळी काढता-घालता येणारी, म्हणजे सांध्यात थोडी ढिली. चुकायला जागा उरतेच कुठे? प्लॅस्टिकच्या आवरणातले महागडे सॅबो स्लग घेऊन हे सुटत नाही. आतून पीळ नसलेल्या नळीत त्यांना गिरकीच मिळत नाही.

कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट होऊन ऑटोलोडर, म्हणजे आपोआप काडतूस भरणाऱ्या बंदुका, अडकतात, हे मान्य. पण त्यावर उपाय ढिली नळी नव्हे. पीळदार नळी पक्की बसवलेली बोल्ट किंवा एकनळी घ्या. त्यांत बिघडण्यासारखं फारसं काही नसतं आणि नेमही टिकतो. झटपट दुसऱ्या बाराचा आधार मला सांगू नका. पहिला चुकला की हरीण पळत असतं, आणि पळत्या हरणावर घाईने झाडलेला स्लग म्हणजे नवी जखम.

हंगामाआधी तीन-चार प्रकारचे स्लग आणा, कारण प्रत्येक नळीला वेगळा मानवतो. जो मानवेल त्याचा एकेक बार वेगवेगळ्या दिवशी, थंड नळीतून, एकाच कागदावर काढा. रानात तोच पहिला बार कामाचा असतो. तो कुठे जाईल हे ज्याला छातीठोकपणे सांगता येत नाही, त्याने त्या सोमवारी घरीच बसावं.