अर्धी दुरुस्ती म्हणजे फसवणूकच

सकाळी पहिला सेल मारला की इंजिनाच्या टायमिंगच्या बाजूने खडखड ऐकू येते. मालक घाबरून विचारतो आणि मेकॅनिक उत्तर देतो, "डिझेल आहे, वाजणारच." या उत्तराचा मला संताप येतो, कारण ती खडखड बहुतेकदा ढिल्या टायमिंग चेनची असते. फियाटचं १.३ मल्टिजेट इंजिन स्विफ्ट, व्हिस्टा, पुंटोमधून गावोगाव पोचलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं, तशी मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. जुन्या गाड्या मात्र अजून धावताहेत, कित्येक दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे. टायमिंग बेल्ट बदलावा लागतो, या इंजिनातली चेन मात्र आयुष्यभर टिकते, असं त्या मालकांना सांगतात. हे साफ खोटं आहे.

चेन रबरासारखी ताणली जात नाही. कडीकडीतल्या पिना आणि बुश झिजतात आणि त्या झिजेची बेरीज होऊन चेन लांबते. काजळीने काळं पडलेलं ऑइल वेळेवर बदललं नाही की झीज वाढते, कारण चेनला वंगण त्याच ऑइलचं आणि टेन्शनरही त्याच्याच दाबावर चालतो. ढिली चेन दात सोडून सरकली, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. मग रॉकर तुटतात, व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं.

यावर उपाय काय केले जातात? जाड ऑइल ओतून आवाज दाबायचा. एकटा टेन्शनर बदलायचा. नाहीतर झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवायची, म्हणजे ते दात नव्या चेनलाही खाणार. पुढचं कव्हर आणि संप खोलल्याची मजुरी मात्र पूर्ण घ्यायची. इंजिन एवढं खोलल्यावर गाइड, टेन्शनर, स्प्रॉकेट जुनेच ठेवणं ही काटकसर नव्हे, गिऱ्हाइकाचा घात आहे.

तीच गत टायमिंगची. क्रँक आणि कॅम पिनांनी लॉक न करता अंदाजपंचे चेन बसवणाऱ्याने या इंजिनाला हात लावू नये. चेन बसल्यावर क्रँक हाताने दोन फेरे फिरवावा लागतो, कारण तेव्हा कॅमचा एक फेरा पुरा होतो. लॉकच्या पिना पुन्हा बिनचूक बसल्या, तरच सेल मारायचा.

मालकांनो, खडखड रोज वाढत असेल तर गाडी रेटू नका. पूर्ण सेट, लॉकिंग टूल आणि काढलेले जुने भाग तुमच्या हातात, या तिन्ही गोष्टी जो कबूल करत नाही, त्याच्याकडे चावी देऊ नका.