रापणीत दुधाची पिशवी



१ जूनला बंदी लागणार. ३१ जुलैपर्यंत होड्या वर आणि आपण घरात. आज डिझेलबद्दल नाही, घरातल्या कचऱ्याबद्दल लिहितोय. सेक्रेटरीला दुसरा उद्योग नाही काय, असं कोणी म्हणेल. म्हणू दे.

गेल्या आठवड्यात रापण ओढायला मीही हात लावला. मासळी बेताचीच. निवडायला बसलो तर तारल्यांबरोबर दुधाच्या पिशव्या, फरसाणाची पाकिटं, शांपूच्या पुड्या, एक टूथब्रशसुद्धा. लगेच कोणीतरी म्हणालं, हे सगळं पर्यटकांचं. थोडं असेलही. पण अर्धा लिटर दुधाची पिशवी रोज पर्यटक आणतो काय? ती आपल्या चुलीकडून निघाली. गटारातून व्हाळात, व्हाळातून नदीत, नदीतून आपल्याच जाळ्यात. आणि पहिला मोठा पाऊस हे काम एका रात्रीत करतो, म्हणून आत्ताच लिहितोय.

त्या पिशवीचंच घ्या. आपण कोपरा कापतो, तो नखाएवढा तुकडा मोरीतून वाहून जातो. पिशवी कचऱ्याच्या गाडीत जाते, तुकडा कोणी उचलत नाही. कोपरा पूर्ण न कापता पिशवीलाच लटकत ठेवला की झालं. पिशवी विसळून तारेवर वाळत घालायची. आमच्या घरी हे मुलीने सुरू केलं. मला दोनदा ओरडली, तेव्हा सवय लागली.

मासळीची घाण हा आपल्या घरांचा खास प्रश्न. गाडी रोज येत नाही, दुसऱ्या दिवशी वास सुटतो, मग प्लास्टिकमध्ये गाठ मारून रस्त्याच्या कोपऱ्यावर. रात्री कुत्रे फाडतात. आमची आई खवलं, कल्ले, आतडी सगळं माडाच्या मुळाशी हातभर खड्ड्यात पुरायची, वर माती आणि राख. माड आहे त्याने हेच करावं. फ्लॅटवाल्यांनी डब्यात भरून गाडी येईपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवावं. ऐकायला विचित्र वाटतं, पण वास येत नाही.

आणि न्हाणीची चूल पेटवायला प्लास्टिक घालणं बंद करा. सोडणं आणि चुडतं असताना तो विषारी धूर घरात कशाला? आंघोळ करायची आहे ना?

आता अवघड गोष्ट. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीवर २०२२ च्या ३१ डिसेंबरपासून देशभर बंदी आहे. तरी आपल्या जेटीवर बांगडे त्याच पिशवीत जातात. याचा दोष मी विकणाऱ्या बायकांना देणार नाही. गिऱ्हाईक स्कूटरवर येतं, हातात फक्त मोबाईल. एकीने पिशवी नाही म्हटलं की ते शेजारणीकडे जातं. दिवसाचा धंदा तिचा बुडतो, भाषण करणाऱ्याचा नाही. पूर्वी प्रत्येक घरी मासळीची वायरची पिशवी असायची, धुऊन बाहेर खिळ्याला टांगलेली. ती गेली, कारण आपण फुकट पिशवी द्यायला लागलो.

माझं मत असं की बंद करायची तर सगळ्यांनी एकाच दिवशी, १ ऑगस्टला. सुरुवातीचा महिनाभर डबा आणणाऱ्याला दोन तारले जास्त द्यायचे आणि त्याचे पैसे सोसायटीने त्या बाईला भरून द्यायचे. कमिटीतल्या दोघांना हा खर्च फुकटचा वाटतो. मला वाटत नाही. कचऱ्याने अडकून फाटलेलं जाळं शिवायला जो वेळ जातो, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही एवढंच.

रविवारी संध्याकाळी ५ वाजता जेटीवर बसूया. मासळी विकणाऱ्या बायकांनी यायलाच पाहिजे. मागच्या वेळी आम्ही पुरुषांनीच बसून ठरवलं होतं, ते आठ दिवससुद्धा टिकलं नाही.