इतर परिस्थितीचा कोंडवाडा

आमच्या शेजारची मुलगी यंदा अकरावीला, कॉमर्सला गेली. परवा संध्याकाळी ती अर्थशास्त्राचे पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. मी उभा जन्म बँकेत काढला, तेव्हा मला अर्थशास्त्र येत असणारच, असा तिच्या आईचा समज. बँकेतल्या माणसाला अर्थशास्त्र येते हे पोस्टमनला पत्रलेखन येते म्हणण्याइतकेच खरे आहे. पण शेजारधर्म म्हणून मी चष्मा लावला. धडा मागणीच्या नियमाचा होता. इतर परिस्थिती कायम असताना वस्तूची किंमत वाढली की मागणी घटते आणि किंमत उतरली की मागणी वाढते, हा तो नियम. त्या ओळीवर बोट ठेवून तिने विचारले, ‘‘आजोबा, ही इतर परिस्थिती म्हणजे नक्की कोण? आणि ती कायम कधी असते?’’

तिला मी जे सांगितले ते परीक्षेपुरते ठीक होते. पण ती गेल्यावर प्रश्न मागे राहिला. कारण मलाही तो एकदा विचारला गेला होता, पस्तीसएक वर्षांपूर्वी, आणि तेव्हा मी हसून वेळ मारून नेली होती. ती हकिकत पुढे येईलच. आधी त्या वाक्याची बाजू मांडली पाहिजे.

‘इतर परिस्थिती कायम असताना’ हे शब्द अर्थशास्त्रात रुजवले ते केंब्रिजच्या आल्फ्रेड मार्शल यांनी. त्यांचा अर्थशास्त्राच्या तत्त्वांवरील ग्रंथ १८९० साली प्रसिद्ध झाला आणि पुढच्या अनेक पिढ्या त्यावर शिकल्या. मार्शल यांचे म्हणणे असे, की जग एकाच वेळी शंभर कारणांनी हलत असते आणि माणसाची बुद्धी तोकडी आहे. म्हणून एका वेळी एकच कारण हाती घ्यावे आणि बाकीची तात्पुरती बाजूला कोंडून ठेवावीत. या कोंडण्यासाठी त्यांनी जो इंग्रजी शब्द योजला, तो मोकाट गुरे कोंडायच्या जागेसाठीही वापरला जातो. आपल्याकडे त्याला कोंडवाडा म्हणतात. तात्पुरती हा शब्द महत्त्वाचा. एकेक गुरू पुढे सोडायचेच आहे, हे मार्शल जाणून होते.

कोणी म्हणेल, असे कोंडून जग कसे कळणार? पण त्याशिवाय ते कोणालाच कळत नाही. आपला सातबाराच घ्या. सातबारा म्हणजे शेताचे प्रतिमानच. त्यात खातेदाराचे नाव असते, क्षेत्र असते, पीक असते, बोजा असतो. बांधावरचा आंबा कोणाचा यावरून दोन भावांत बोलणे बंद आहे, हे त्यात नसते. खालच्या अंगाला पाणी साचते, हेही नसते. म्हणून सातबारा खोटा ठरत नाही. शेत न पाहिलेल्या माणसालाही त्या एका कागदावरून कर्जाचा विचार करता येतो. शेताबद्दलचे सगळेच लिहायचे म्हटले तर कागद शेताएवढा होईल आणि तो ठेवायला दुसरे शेत घ्यावे लागेल.

अर्थशास्त्रज्ञ हेच करतात, फक्त त्यांचे शेत मोठे असते. बिल फिलिप्स या न्यूझीलंडच्या गृहस्थांनी तर १९४९ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये देशाच्या अर्थव्यवस्थेचे एक यंत्रच उभे करून दाखवले. माणसापेक्षा उंच. त्यात टाक्या, नळ्या, झडपा आणि रंगीत पाणी. पाणी म्हणजे पैसा. कराची झडप उघडली की पाणी सरकारच्या टाकीकडे वळायचे, बचत वाढवली की खर्चाची धार बारीक व्हायची. फिलिप्स मूळचे इंजिनीअर. आकडेमोडीच्या कागदांवर जे दिसत नव्हते ते त्यांनी डोळ्यांना दाखवले. मात्र त्या यंत्रातला प्रत्येक थेंब दुसऱ्या थेंबासारखाच होता. पाणी घाबरत नाही, शेजारच्या नळीत काय चालले आहे ते ऐकून आपली वाट बदलत नाही. माणसे बदलतात. इथून अडचणी सुरू होतात.

आता माझी हकिकत. तेव्हा मी नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातल्या एका लहान शाखेत शेती-कर्जाचे काम पाहत होतो. आदल्या हंगामात कांद्याला चांगला भाव मिळाला होता, त्यामुळे कांद्यासाठी आणि कांदाचाळीसाठी अर्जांची रांग लागली होती. प्रत्येक प्रकरणात एक हिशेबाचा तक्ता असे. एकरी खर्च, एकरी उत्पादन, अपेक्षित दर, निव्वळ उत्पन्न, हप्ता. अपेक्षित दराच्या रकान्यात मी बाजार समितीतला आदल्या हंगामाचा सरासरी दर घालत असे. दुसरा कोणता घालणार? बेरीज-वजाबाकी बिनचूक येत होती आणि वरच्या कार्यालयातून मंजुरीही येत होती.

त्या रांगेत एक वयस्क शेतकरी होते. गावात सगळे त्यांना नाना म्हणत, म्हणून मीही म्हणत असे. त्यांचा तक्ता मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘साहेब, तुमच्या कागदावर माझा कांदा एकटाच हाये. बाजारात तो एकटा नसतो.’’ मी हसलो. ‘‘नाना, भावाचं आपल्या हातात थोडंच आहे?’’ असे म्हणून अंगठ्याची शाई पुढे केली.

उन्हाळ कांदा निघाला तेव्हा बाजाराच्या रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग होती. भाव इतका उतरला की काढणीची मजुरी आणि गोण्यांचे पैसे सुटेनात. चाळीत ठेवावा म्हटले तर चाळ सगळ्यांचीच भरलेली, आणि साठवलेला कांदा महिन्यागणिक वजनाने घटतो, सडतो. त्या हंगामात मी केलेली चाळीसेक प्रकरणे माझ्यासमोर कपाटात होती. प्रत्येक तक्ता स्वतंत्रपणे बरोबर होता. चाळीसही एकत्र ठेवले की चूक होते. इतरांचा कांदा ही नानांची ‘इतर परिस्थिती’ होती आणि ती मी कायम धरली होती. पण ती हलत होती, आणि हलवणाऱ्यांत मीही होतो, कारण शेजाऱ्याच्या लागवडीवर सही माझीच होती.

या गोष्टीला शास्त्रात नाव आहे, हे मला फार उशिरा कळले. १९२८ साली आर्थर हानाऊ या जर्मन अभ्यासकाने डुकरांच्या भावाचा अभ्यास केला. भाव चढला की शेतकरी जास्त डुकरे पाळतात. ती बाजारात येईपर्यंत मधे काळ जातो. मग सगळी एकदम येतात आणि भाव कोसळतो. मग पाळणे कमी होते आणि भाव पुन्हा चढतो. हे चढउतार मागणी-पुरवठ्याच्या आकृतीत रेघांनी जोडले की कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसते. निकोलस काल्डॉर यांनी १९३४ साली याला ते नाव दिले. डुकराच्या जागी कांदा ठेवला की निफाडची गोष्ट तयार होते. कांद्यात ती अधिक तीव्र होते, कारण त्याची मागणी फारशी लवचिक नाही. भाव दुप्पट झाला म्हणून घरातली बाई फोडणीतला कांदा वगळत नाही, फार तर थोडा कमी घेते. आणि निम्म्यावर आला म्हणून कोणी दोन वेळा पिठले-कांदा खात नाही. त्यामुळे माल थोडा कमी-जास्त झाला तरी भाव फार मोठी उडी घेतो.

यावर १९६१ साली जॉन म्युथ या अमेरिकन अभ्यासकाने आक्षेप घेतला. शेतकरी काय दरवर्षी त्याच खड्ड्यात पडण्याइतका भोळा असतो का? त्यालाही चक्र कळते, तो पुढचा अंदाज बांधूनच पेरतो, असे त्यांचे म्हणणे. एका अर्थी त्यांनी नानांचीच बाजू घेतली. नानांना सगळे कळत होते. तरीही त्यांनी कांदा लावला, कारण घरात लग्न होते, हाती रोकड देणारे दुसरे पीक नव्हते, आणि कर्ज कांद्यासाठीच मिळत होते. हे म्युथ यांच्या प्रतिमानातही नाही. एक प्रतिमान अपुरे पडले म्हणून दुसरे आले, दुसऱ्यानेही काही बाहेर ठेवले. शास्त्र असेच पुढे जाते आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

लाज वाटावी ती कोंडवाड्याला कुलूप लावून किल्ली विसरण्याची. आणि ही विसरभोळी मंडळी केवळ शाखेच्या टेबलामागे नसतात. कांद्याच्या बाबतीत दिल्लीही एक ‘इतर परिस्थिती’ आहे. १९९८ साली तिथले राज्य सरकार निवडणुकीत गेले, त्यात महागलेल्या कांद्याचा वाटा मोठा मानला जातो, आणि तेव्हापासून कोणतेच सरकार कांद्याला हलके धरत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, डिसेंबरात निर्यातच बंद केली. बंदी मे २०२४ मध्ये उठली, शुल्क एप्रिल २०२५ मध्ये गेले. शहरातल्या ग्राहकासाठी यातले प्रत्येक पाऊल समजण्यासारखे आहे. पण त्या हिशेबात कांदा आधीच लावून बसलेला माणूस कायम धरलेला असतो. तो कायम राहत नाही. पुढच्या वर्षी तो कमी लावतो किंवा कर्ज थकवतो, आणि मग आपणच विचारतो की भाव का चढले.

कोणते गुरू कोंडायचे हा प्रश्न दर वेळी इतका किरकोळही नसतो. १९४३ साली बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. दुष्काळ म्हणजे धान्याची टंचाई, इतकेच ज्याच्या प्रतिमानात असेल तो एकूण धान्य मोजत बसतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दुष्काळावरील ग्रंथात दाखवले, की त्यांच्या हिशेबाने त्या वर्षी बंगालमधले धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हते, आणि १९४१ साली दुष्काळ पडला नव्हता. युद्धामुळे भाव भडकले आणि शेतमजूर, मच्छीमार यांची कमाई त्यामागे धावू शकली नाही. धान्य होते, ते घेण्याची ऐपत गेली होती. कोणाच्या हातात किती पैसे, ही बाब कोंडवाड्यात राहिली तर माणसे दारात मरतात आणि तक्ता जुळलेलाच असतो.

हे वाचून कोणी अर्थशास्त्राला नावे ठेवील, तर मला ते मान्य नाही. प्रतिमान नको म्हणणाऱ्याकडेही प्रतिमान असतेच. निफाडच्या सावकारालाही कोण फेडील आणि कोण बुडवील याचे आडाखे होते, पण ते त्याच्या डोक्यात होते. त्यांना कोणी हरकत घेऊ शकत नव्हते. माझा तक्ता निदान कागदावर होता. म्हणूनच नाना त्यात बोट घालून चूक दाखवू शकले. कागदावर मांडलेल्या विचाराचा हा मोठा गुण आहे, फक्त बोट घालणाऱ्याचे ऐकायला हवे. मी ऐकले असते तर फार काही करायचे नव्हते. अपेक्षित दराच्या रकान्यात एकाऐवजी तीन दर लिहायचे, चांगला, मध्यम आणि वाईट. आणि वाईट दरात हप्ता कसा फिटेल ते विचारायचे. पुढच्या शाखांत मी तसे करू लागलो. माझी प्रकरणे कमी झाली, आणि वरिष्ठ मला संथ म्हणू लागले.

नानांच्या कर्जाचे हप्ते पाडून द्यावे लागले. ते त्यांनी सगळे फेडले, शेवटचा हप्ता मी बदलून गेल्यावर. त्यासाठी त्यांनी काय विकले ते मी विचारले नाही. तेवढा रकाना आमच्या तक्त्यात नव्हता.

काल त्या मुलीला मी पुन्हा बोलावले आणि कोंडवाड्याची गोष्ट सांगितली. तिने पेन्सिल घेतली आणि मागणीच्या नियमाशेजारी समासात यादी करायला बसली : लोकांचे उत्पन्न, आवडनिवड, दुसऱ्या वस्तूंचे भाव. इथवर पुस्तकातले होते. मग तिने विचारले, ‘‘आणि पुरवठ्याच्या धड्यात?’’ मी म्हटले, ‘‘तिथे पाऊस लिही. दिल्ली लिही. आणि सगळ्यात वर शेजाऱ्याचे शेत लिही.’’