विदर्भवाद्यांचा पक्ष आणि आमचे मौन

नागपुरात वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला की आमच्या वाङ्मयीन वर्तुळातली मंडळी हळूच घड्याळाकडे पाहू लागतात. 'तो राजकारण्यांचा खेळ' हे वाक्य ठरलेले. विदर्भवादी पक्ष का संपले, याचे उत्तरही ठरलेलेच: जनतेला वेगळे राज्य नकोच होते. हे उत्तर आम्हांस मान्य नाही.

नको होते, तर १९६२ साली नागपूरने लोकनायक बापूजी अणे यांना अपक्ष म्हणून, नाग-विदर्भ आंदोलन समितीच्या पाठिंब्यावर, लोकसभेत का धाडले? महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. १९७१ साली ऐन इंदिरा लाटेत याच शहराने फॉरवर्ड ब्लॉकचे जांबुवंतराव धोटे निवडून दिले. त्यामागे केवळ भावना नव्हती. १९५६ पर्यंत राजधानी असलेले शहर ते पद गमावून बसले होते आणि फाजल अली आयोगाने १९५५ च्या अहवालात स्वतंत्र विदर्भाची शिफारस केलेली होती.

मग ओहोटी का लागली? १९८० साली तेच धोटे इंदिरा काँग्रेसच्या तिकिटावर नागपुरातून जिंकले, हे आमच्या मते खरे वळण. विदर्भाचा आवाज दिल्लीच्या पक्षात गेला आणि तिथे तो पक्षाचा आवाज झाला. पुढे २००२ मध्ये त्यांनी विदर्भ जनता काँग्रेस काढली, पण तोवर मतदार दुसरीकडे वळला होता. बनवारीलाल पुरोहितांनी २००३ मध्ये विदर्भ राज्य पक्ष स्थापला. २००९ मध्ये ते पुन्हा भाजपचे उमेदवार होते. भाजपने १९९७ साली भुवनेश्वरला छोट्या राज्यांचा ठराव केला, २००० मध्ये तीन राज्ये दिलीही, विदर्भ तेवढा राहिला. २०१४ नंतर मुख्यमंत्री नागपूरचे, आणि २०१६ मध्ये विदर्भाविषयी उघड बोलल्यामुळे महाधिवक्ता श्रीहरी अणे (बापूजींचे नातू!) यांना पद सोडावे लागले. पक्ष मेला असे म्हणणे सोपे आहे. तो दर वेळी कुणाला तरी उसना दिला गेला, हे म्हणणे अधिक खरे.

पण सगळा दोष पुढाऱ्यांच्या माथी मारून आम्ही सुटत नाही. लिथुआनियात रशियन सत्तेने १८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षे लॅटिन लिपीतली लिथुआनियन छपाई बंद ठेवली; लोकांनी प्रशियातून पुस्तके चोरून आणली. तिथल्या राष्ट्रवादाला पुस्तकाची अशी पाठराखण होती. पुढे १९८८ मध्ये उभ्या राहिलेल्या साजुदिसचे नेतृत्वही लांड्सबेर्गिस या संगीताच्या अभ्यासकाकडे आले. ती चळवळ १९९० मध्ये जिंकली आणि १९९२ मध्ये हरली, पण तोवर स्वातंत्र्य पदरात पडले होते. आमची मराठी कुणीच बंद केली नाही. उलट 'भाषा एक, मग राज्य दोन कशाला?' या प्रश्नापुढे विदर्भवादी कायम निरुत्तर दिसले. वास्तविक उत्तर तयार होते. डॉ. आंबेडकरांनी १९५५ मध्येच सांगितले होते की एका राज्याची भाषा एक असावी, पण एका भाषेचे राज्य एकच असावे असे मुळीच नाही. मराठी मुलखाची त्यांनी चार भागांत मांडणीही केली होती. आणि ज्या मराठी गद्याचा आरंभ आम्ही वर्गात 'लीळाचरित्रा'पासून शिकवतो, ते वऱ्हाडातल्या रिद्धपुरातच सिद्ध झाले ना?

हे मांडणे पुढाऱ्याचे काम नव्हते, आमचे होते. आम्ही ते केले नाही. विदर्भ साहित्य संघ १९२३ चा, म्हणजे महाराष्ट्र राज्याहून जुना. तरी 'विदर्भ' हा शब्द आम्ही संमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेपुरता ठेवला. चळवळीच्या हाती मग उरला तो फक्त अनुशेष. दांडेकर समितीने १९८४ मध्ये मोजलेली सिंचनाची तूट खरी होती, आजही बोचते. पण तुटीचे आकडे सभेत किती वेळ टाळ्या घेणार? शिवाय आकड्याला मुंबईकडे नेहमी दुसरा आकडा तयार असतो.

असो. नागपूर करारातून आलेले हिवाळी अधिवेशन डिसेंबरात भरते. सीताबर्डीकडून मोर्चे निघतात, रस्ते अडतात. आम्ही त्या दिवशीचे तास रद्द करतो.